नव्वद दिवसांचा हिशोब

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. बार्शीत साडेदहा म्हणजे मध्यरात्रच, त्यामुळे आधी छातीत धस्स झालं. पण तसं काही नव्हतं. "तू समजाव त्याला. तुझंच ऐकतो तो," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

'तो' म्हणजे माझा मावसभाऊ. मेकॅनिकल झाला, चाकणला नोकरीला लागला, दीड वर्ष केली आणि गेल्या महिन्यात राजीनामा देऊन मोकळा झाला. का? तर ॲक्टिंग करायचीये. मुंबईला जातोय.

यात माझाही थोडा हात आहे. बारावीनंतर त्याला पुण्याला मीच आणलं. भगवंताच्या देवळापासून चार गल्ल्या सोडून त्यांचं खतं-औषधांचं दुकान, काकांचं म्हणणं पोरानं तेच सांभाळावं, आणि मी शहाण्यासारखं सांगितलं की इंजिनिअरिंग करू दे, लाइफ सेट होईल. पहिल्याच वर्षी हा पठ्ठ्या कॉलेजच्या पुरुषोत्तमच्या टीममध्ये घुसला. ज्यांनी ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात बसून "अरे आव्वाज कुणाचा" ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. १९६३ पासून चालू असलेली ही स्पर्धा म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांचा वार्षिक ताप आहे. बहुतेकांचा उतरतो. माझाही उतरला होता. याचा नाही उतरला.

पहिलं वर्ष त्यानं लेव्हल्स उचलल्या आणि चहा आणला. दुसऱ्या वर्षी रोल मिळाला, पण सीनियर्सनी दोन महिने जीभ घासून घेतली. 'करायलास', 'जायलाव' बंद. 'बे' बंद. ण आणि न वेगळे. रूमवर आरशासमोर "पाणी, लोणी, वाणी" म्हणत बसायचा आणि आम्ही हसायचो. (आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते, पण तेव्हा जाम हसायचो.)

तर मावशीनं सांगितलं म्हणून गेल्या शनिवारी त्याला डेक्कनला बोलावलं. बन मस्का, चहा, आणि माझं लेक्चर. अजून दोन वर्षं नोकरी कर, सेव्हिंग कर, शनिवार-रविवार नाटक कर, बॅकअप ठेव. अगदी अप्रेझल मीटिंगमध्ये मॅनेजर बोलतो तशा टोनमध्ये. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, तू पण शनिवार-रविवारी एकांकिका लिहिणार होतास ना?"

बारा वर्षं झाली त्याला. पहिलं पान अजून कुठल्यातरी फोल्डरमध्ये आहे.

असो. त्या दिवसापासून डोक्यात हेच चाललंय, आणि विचार करता करता मी मावशीच्या बाजूनं त्याच्या बाजूला सरकलोय. पण त्याच्या बाजूचे लोक जे बोलतात तेही मला पटत नाही. 'पॅशन फॉलो कर' वगैरे. ते म्हणणाऱ्याला त्याचं भाडं भरायचं नसतं.

आपल्याला स्ट्रगलच्या गोष्टी फार आवडतात. सयाजी शिंदेंची गोष्ट घ्या. साताऱ्याकडचा मुलगा, पाटबंधारे खात्यात वॉचमन, तिथून नाटकं करत करत २००० साली तमिळ सिनेमात थेट सुब्रमण्यम भारती. आपण ऐकतो आणि म्हणतो, बघा, वॉचमनकी करून माणूस कुठे पोचला! मला आता त्या गोष्टीतला दुसराच भाग दिसतो. वॉचमनला दर महिन्याला पगार होता. छोटा असेल, पण ठरलेला. त्याच्या जोरावर नाटक करता येत होतं.

किंवा औरंगाबादची (आताचं छत्रपती संभाजीनगर) 'जिगीषा'ची मंडळी. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी वगैरे लोक मुंबईत आले ते एकेकटे बॅग घेऊन नाही, एकमेकांना धरून आले. १९९१ मध्ये 'चारचौघी' आलं आणि सगळ्यांना नावं माहीत झाली. लिहिणारा, बसवणारा, काम करणारे, सगळे आधीपासून एकमेकांना ओळखणारे. एकट्यानं आरामनगरच्या गल्लीत फोटो घेऊन उभं राहणं आणि हे, यात फार फरक आहे.

भाऊ दोनदा गेलाय त्या आरामनगरात, वर्सोव्याला. एका ऑडिशनला त्यानं मन लावून शुद्ध मराठीत मोनोलॉग केला. समोरचा म्हणाला, छान, आता जरा गावाकडचं बोल ना. यानं बार्शीचं सुरू केलं. समोरचा गोंधळला. म्हणे असं नाही, ते सिनेमात असतं तसं! म्हणजे आधी दोन वर्षं घासून काढलेली भाषा परत मागायची, आणि दिली तर ती खरी वाटत नाही म्हणायचं. काय बोलणार यावर?

पण हे बदलतंय, हेही खरं. 'फँड्री'तला जब्या, सोमनाथ अवघडे, करमाळा तालुक्यातल्या केमचा. बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. २०१६ ला 'सैराट' आला तेव्हा रिंकू राजगुरू अकलूजच्या शाळेत नववीत होती. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी'चं शूटिंग साताऱ्याकडे सुरू झालं. आता निदान भाऊ म्हणू शकतो की मी बोलतो तसं बोलणारी माणसं पडद्यावर असतात.

फक्त त्याच रिंकूला पुढे गर्दीमुळे शाळेत जाता येईना आणि दहावीची परीक्षा बाहेरून द्यावी लागली, हे आपण विसरतो. आणि ही मुलं निवडली गेली होती, कुणीतरी त्यांच्या गावात येऊन त्यांना शोधलं होतं. स्वतःहून निघालेल्यांचा रस्ता वेगळा असतो. एनएसडी म्हणाल तर पदवी हवी, किमान सहा नाटकांत काम केलेलं हवं, आणि अख्ख्या देशातून तीस-बत्तीस जागा. आपण कॅटला घाबरायचो!

आता मुद्द्याचं. मालिकेत छोटं काम मिळालं तरी पैसे हातात यायला साधारण नव्वद दिवस लागतात. ही तिथली रीतच आहे. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. म्हणजे जानेवारीत काम, एप्रिलमध्ये पैसे, आणि घरमालक मात्र दर एक तारखेला. मी हे ऐकलं आणि पहिल्यांदा मला त्याचा प्रॉब्लेम माझ्या भाषेत कळला. त्याच्यात टॅलेंट आहे का? मला माहीत नाही. मावशीला नाही, त्यालाही नाही. ते कळायला तीन-चार वर्षं टिकायला लागतं, आणि बहुतेक पोरं टॅलेंट संपून परत येत नाहीत, डिपॉझिट संपून येतात.

मी पहिल्या नोकरीत साडेचार महिने बेंचवर होतो. पूर्ण पगारात. काम शून्य, टेबल टेनिस भरपूर. त्याला घरात कुणी स्ट्रगल म्हटलं नाही. उलट आईनं पेढे वाटले होते. तेवढाच बेंच याला मिळाला तर आम्ही म्हणतो पोरगं वाया गेलं.

म्हणून मी मावशीला काल फोन करून सांगितलं की मी त्याला समजावणार नाहीये. अंधेरीत त्याच्या टीममधले तिघंजण मिळून खोली घेतायत, त्यातला याचा वाटा दीड वर्ष मी भरणार. मोबदल्यात त्यानं दर महिन्याला किती ऑडिशन्स दिल्या, किती नाटकांच्या तालमी केल्या हे मला खरं खरं सांगायचं. एक्सेल शीट नको म्हणाला, फोनवर सांगतो म्हणाला. ठीक आहे. काकांनी फोन घेतला. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी विचारलं, "आणि दीड वर्षानं?"

मी म्हटलं, "काका, तेव्हा परत बसू."

"दुकान आहेच म्हणा," ते म्हणाले आणि फोन मावशीकडे दिला. हे वाक्य त्यांनी आधार म्हणून टाकलं की टोमणा म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

भावाला एका मालिकेत दोन दिवसांचं काम मिळालंय. बँकेतला क्लार्क, तीन वाक्यं. मावशीला चॅनल आणि वेळ हवीये, दुकानातल्या टीव्हीवर लावायला. एपिसोड कधी आहे ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.