सोनें तोलणारें पितळ

गुंजेचा तांबडा-काळा दाणा सोनाराच्या तागडींत पडलेला आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींनीं पाहिला असेल. पश्चिम आफ्रिकेंतील आकान लोकही सोनें तोलतांना हाच दाणा बारीक वजन म्हणून वापरीत, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. हल्लींच्या घाना व आयव्हरी कोस्ट या देशांत त्यांची वस्ती असून त्यांच्या राज्यांपैकीं आसान्तेचें राज्य विशेष प्रसिद्ध होय.

सुमारें १४०० पासून १९०० पर्यंत त्यांचा व्यवहार सोन्याच्या चूर्णावर चाले. चूर्ण म्हटलें कीं तोलणें आलेंच. म्हणून व्यापाऱ्याजवळ तागडी, चमचे, डब्या आणि पितळी वजनें असा संच असे. मेणाच्या नमुन्यावर मातीचा लेप देऊन मेण वितळवीत व त्या पोकळींत पितळ ओतीत. जुनीं वजनें बहुधा भौमितिक आकृतींचीं. पुढें पशु, पक्षी, माणसें हीं त्यांत आलीं. कित्येकांशीं एखादी म्हण जोडलेली असे. मान वळवून मागें पाहणारा पक्षी सांगतो कीं, विसरलेली वस्तु परत जाऊन आणण्यांत कमीपणा नाहीं. दोन मगरींचें पोट एकच, तरी त्या घासासाठीं भांडतात; एकत्र कुटुंबांतील वाचकांस याचा अर्थ सांगावयास नको!

देणारा व घेणारा दोघेही आपापल्या वजनांनीं सोनें पडताळून पाहात. राजदरबारची गोष्ट मात्र निराळी. १८१७ सालीं कुमासी या राजधानींत गेलेला इंग्रज वकील बौडिच लिहितो कीं, राजाचीं वजनें प्रचलित वजनांहून एकतृतीयांशानें जड होतीं. मुदपाकखान्याच्या खर्चाचें सोनें जड वजनानें मिळे, बाजारांत हलक्या वजनानें दिलें जाई आणि मधला फरक मुख्य आचाऱ्यासारख्या अधिकाऱ्यांच्या पदरीं पडे!

१८८९ सालीं ब्रिटिशांनीं गोल्ड कोस्ट वसाहतींत या चूर्णाचें चलन बंद केलें. हळूहळू नाणें सर्वत्र आलें आणि तीं वजनें संग्रहालयांच्या कपाटांत जाऊन बसलीं. त्यांची कारागिरी वाखाणावी तितकी थोडीच. परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती त्यांमागील रीत. नाणें सोयीचें खरें; पण त्याचें मोल सरकार ठरवितें व आपण तें निमूटपणें मानतों. आकान व्यापारी लहान कां असेना, स्वतःचीं वजनें घेऊन समोर बसे आणि ‘माझ्याही तागडींत पाहूं द्या’ असें म्हणूं शके. त्याचा तेवढा अधिकार नाण्याबरोबर गेला.