पाणी जात विचारीत नाहीं

गेल्या ज्येष्ठांत आमच्या गांवच्या एका विहिरींत बारा वर्षांचा मुलगा बुडाला. आईबाप मोलमजुरी करणारे. तिसऱ्या दिवशीं प्रेत आपोआप वर आलें. तेव्हां भगत म्हणाला, "विहिरीला जीव पाहिजे होता. तीन दिवस ठेवून घेतला आणि परत दिला. आतां बोकड द्या, नाहींतर आणखी एक नेईल." बापानें कर्ज काढून बोकड दिला. पोर गेलें तें गेलेंच, वर कर्ज बसलें. मी त्याच गांवचा शाळामास्तर. हें डोळ्यांनीं पाहून गप्प बसणें म्हणजे लबाडीला साथ देणें होय, म्हणून हा लेख.

पाण्यांत काय तरंगतें व काय बुडतें, याचा नियम बावीसशें वर्षांपूर्वीं सिराक्यूज शहरच्या आर्किमिडीझ नांवाच्या विद्वानानें सांगून ठेवला आहे. वस्तु पाण्यांत गेली कीं ती आपल्यापुरतें पाणी बाजूला सारते. त्या सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका नेट पाणी तिला खालून वर लावतें. पुरती बुडवलेली वस्तु त्या नेटाहून जड असेल तर तळाला जाते, हलकी असेल तर वर येते. एक लिटर गोडें पाणी सुमारें एक किलो भरतें. तेवढ्याच आकाराचें भरीव लोखंड पावणेआठ किलोंहून जास्त भरतें, म्हणून खिळा बुडतो. तेंच लोखंड ठोकून कढई केली कीं ती पुष्कळ पाणी सारते, म्हणून तरंगते. ताजें अंडें साध्या पाण्यांत बुडतें. त्याच पाण्यांत दोनतीन मुठी मीठ विरघळवा, पाणी जड होतें व अंडें वर येतें. एवढ्या वेळांत अंड्यानें कोणतें पुण्य जोडलें?

माणसालाही हाच नियम. छातीभर श्वास घेतला कीं बहुतेकांचें शरीर गोड्या पाण्याहून किंचित हलकें होतें. श्वास सोडला कीं किंचित जड होतें. चरबी पाण्याहून हलकी, हाड जड. म्हणून तुपावर पोसलेला सावकार सहज तरंगेल आणि कष्टानें वाळलेला गडी खालीं जाईल. हें पुण्य नव्हे, चरबी होय!

बुडालेल्याच्या छातींत पाणी शिरलें कीं शरीर जड होऊन तळ गांठतें. मग आंतड्यांतील सूक्ष्म जंतु शरीर कुजवितात, वायु सुटतात, पोट फुगतें. वजन तेंच, पण आकार वाढला, म्हणजे जास्त पाणी सारलें गेलें, आणि प्रेत वर आलें. उन्हाळ्यांत हें दोनतीन दिवसांत होतें, थंड पाण्यांत आठवडेही लागतात. भगताचे 'तीन दिवस' ते हेच. बुडालेली शेळीही अशीच वर येते. तिला कोणत्या देवीनें परत दिली?

पण पाण्याला न्यायाधीश करण्याची खोड फार जुनी. ख्रिस्तपूर्व १७५० च्या सुमारास बाबिलोनच्या हम्मुराबी राजाचा कायदा असा कीं, चेटकाचा आरोप आलेल्यानें नदींत उडी घ्यावी. बुडाला तर तो अपराधी. युरोपांत सोळाव्या-सतराव्या शतकांत बायकांना चेटकीण ठरवून बांधून पाण्यांत टाकीत. तेथें तरंगली ती अपराधी! एकच पाणी, आणि निकाल उलटे. आमच्याकडे याज्ञवल्क्यस्मृतींत दिव्यें सांगितलीं आहेत. ब्राह्मणाला तराजू, आणि शूद्राला आग, पाणी किंवा विष. जलदिव्यांत आरोपीनें बुडी मारायची, आणि सोडलेला बाण धांवणारा माणूस परत आणीपर्यंत वर यायचें नाहीं. श्वास भरून घ्यावा तर शरीर वर येऊं पाहतें, सोडावा तर दम पुरत नाहीं. यांत खरेंखोटें कोठें ठरलें? नियम लिहिणारांनीं आपल्याकरतां मात्र तराजूचें पारडें राखून ठेवलें, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां मुख्य मुद्दा. तो मुलगा मेला तो त्याला पोहतां येत नव्हतें म्हणून. आणि पोहतां येत नव्हतें, कारण त्याच्या बापाला व आज्याला गांवच्या विहिरींत कोणी उतरूंच दिलें नव्हतें. मग पोराला शिकविणार कोण? जोतीरावांनीं सन १८६८ मध्यें आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारोंसह महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले. पाणी पिण्याचा हक्क असा झगडून मिळवावा लागला. पाण्यांत निर्भयपणें उतरण्याची विद्या मात्र पुष्कळ घरांत अजून पोहोंचलेली नाहीं. मुलींना तर ती कोणत्याच जातींत फारशी मिळत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें सन २०२१ मध्यें जगांत सुमारें ३ लक्ष माणसें बुडून मेलीं. एवढ्या जीवांना बोकडानें वांचवितां आलें असतें काय?

माझें मागणें साधें आहे. प्रत्येक गांवानें उन्हाळ्यांत सर्व जातींच्या मुलांना व मुलींना, पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, जाणत्या पोहणाराच्या नजरेखालीं पोहायला शिकवावें. पाण्यांत पडलेल्यानें हात वर करूं नयेत, कारण हात वर गेले कीं डोकें खालीं जातें. मान मागें टाकून, छाती भरून उताणें पडावें. बाहेर काढलेल्याला उलटें टांगूं नये कीं पोट दाबूं नये. श्वास बंद असेल तर तोंडानें श्वास द्यावा, छाती दाबावी व ताबडतोब दवाखान्यांत न्यावें. बोकडाच्या पैशांत विहिरीवर दोर व हवा भरलेली ट्यूब ठेवावी.

कोणी म्हणेल, मास्तर नास्तिक झाला. बाबांनो, निर्मिकानें पाण्याला जो नियम घालून दिला, तो भटाला, भगताला, मराठ्याला, महाराला, मांगाला एकच आहे. त्या नियमाला लांच चालत नाहीं. तो शिकावा, म्हणजे लेकरें वांचतील.