वजनाचं थोतांड

धामणगाव रेल्वेत बसून बोटीच्या नांगरावर काय लिहिता, असं विचारणाऱ्यांनी आधी तालुक्याची पूर्व हद्द बघावी. तिथे वर्धा वाहते. वरच्या अंगाला, मोर्शीजवळ सिंभोऱ्याला, अप्पर वर्धा धरणाचं पाणी पसरलंय. १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात झुंजजवळ याच नदीत नाव उलटून ११ माणसं गेली. तिथे प्रश्न नांगराचा नव्हता, मान्य. पण त्यानंतरही या जिल्ह्यात नावेच्या सामानाला कोणी चोचले म्हणत असेल, तर त्याची लाज त्यालाच वाटायला हवी.

या मंडळींचं ब्रह्मवाक्य एकच: नांगर जड पाहिजे, हलका म्हणजे खेळणं! काठावर पोट पुढे काढून सांगतात. अहो महामहोपाध्याय, आर्किमिडीज शाळेतच सोडून आलात काय? नांगर म्हणून बांधलेला काळा दगड पाण्यात गेला की जवळजवळ एक तृतीयांश वजन गमावतो. ३० किलोचा धोंडा खाली पोचतो तो २० किलोचा होऊन, आणि वारा सुटला की गाळावरून नावेमागे फरफटत निघतो. यावर यांचा उपाय? आणखी मोठा धोंडा!

गाळात धरतं ते पातं. हे वऱ्हाडात समजवावं लागतं, याचंच मला नवल वाटतं. फाळ उताणा पडला तर नांगर ढेकळांवरून घसरतो, टोक खाली वळलं की रुततो. हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक. केंब्रिजच्या जी. आय. टेलर या गणितीने १९३३ साली फाळाच्याच घाटाचा बोटीचा नांगर काढला. पुढे डॅनफोर्थ नावाच्या हलक्या, रुंद पात्यांच्या नांगरावर दुसऱ्या महायुद्धात फौजा उतरवणाऱ्या अमेरिकी बोटी विसंबल्या. त्यांना वजनाचं महत्त्व कळत नव्हतं?

दुसरी जमात याहून वाईट. हलका नांगर घेते, आखूड दोराने सरळ खाली सोडते, एक हिसका देते आणि जाहीर करते: "धरत नाही." धरेल कसा? दोर वर ओढतोय, तर पातंही वरच येणार. खोलीच्या निदान सातपट दोर सोडा. नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी लावा, म्हणजे ओढ आडवी राहील. वाळूत पात्याचा दांड्याशी कोन ३०-३२ अंश चालतो. मऊ गाळात ४५ च्या आसपास हवा. मग घाई नको. नाव हळूहळू मागे जाऊ द्या, नांगराला बसू द्या, नंतर जोर लावा. काठावरची दोन झाडं एका रेषेत धरून बघा. रेषा मोडत चालली तर नांगर सरकतोय. अशा वेळी नुसता दोर सोडून भागत नाही. वर घ्या. पात्यांमध्ये काळा लगदा गच्च बसलेला दिसेल. तो धुतल्याशिवाय पातं पुन्हा रुतणारच नाही.

बचावपथकांसाठी बोटी घेणाऱ्या साहेबांनो, निविदेत नुसते किलो लिहू नका. पात्याचा कोन, साखळीची लांबी आणि दोराची लांबी लिहा, आणि पावसाळ्याआधी तो नांगर आपल्या गाळात एकदा ओढून बघा.