कट्यार, कॅसेट आणि पन्नास हर्ट्झ

जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग लावलं की दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, "शी, काय खरखर आहे!" आणि तिसाव्या सेकंदाला बंद करतात. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात बहुतेक हीच. दुसरी गिरगावातल्या माझ्या काकांसारखी. डोळे मिटून "आता असं कोण गातं रे?" म्हणणारी. खरखर जितकी जास्त, तितका गायक मोठा! मला दोन्ही पटत नाही. पहिले ऐकतच नाहीत आणि दुसरे खरखरीच्या नावावर सगळं माफ करून टाकतात.

विषय निघाला तो 'कट्यार काळजात घुसली'च्या एका प्रयोगाच्या कॅसेटवरून. आपल्या पिढीची 'कट्यार' म्हणजे २०१५चा सिनेमा. मूळ नाटक १९६७चं. लेखन दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकीबुवांचं आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. ही कॅसेट कुणीतरी प्रेक्षकांत बसून भरलेली. त्यामुळे खोकला, खुर्च्यांची करकर, एक रडणारं पोर, सगळं आलंय. लेबलवर तारीख नाही.

अशा टेपवरून गाण्याबद्दल काय बोलता येतं? माझ्या मते बरंच.

सुराचं घ्या. टेप डळमळते म्हणून गायक बेसूर वाटतो, असं सर्रास सांगतात. अहो, पण टेप डळमळली तर साथीचा ऑर्गनही तेवढाच डळमळेल ना! दोघे एकाच फितीवर आहेत. या कॅसेटवर एका सहगायकाचा सूर ऑर्गनच्या किंचित खाली राहतो. ती चूक त्याचीच, बिचाऱ्या टेपरेकॉर्डरची नाही. लयीचंही तेच. ठेका आणि तान यांचं नातं खरखरीनं बदलत नाही. वसंतराव तान घेऊन कुठे कुठे फिरतात आणि समेवर कसे येऊन बसतात, ते इथेही स्वच्छ कळतं.

तार सप्तकात आवाज फाटल्यासारखा वाटतो, तिथे एक सोपी परीक्षा. टाळ्याही तशाच फाटतायत का बघा. फाटत असतील तर माइकला झेपलं नाही, एवढाच अर्थ.

वेग मात्र फसवतो. नाटकात 'घेई छंद'च्या दोन चाली आहेत, पंडितजींची संथ आणि खाँसाहेबांची द्रुत. दोन गायकींतला झगडा त्या वेगातही आहे. तेव्हा टेपच जोरात पळत असेल तर आपण भलत्याच गोष्टीला दाद देऊ. यावर इंजिनिअरी उपाय असा. आपली वीज ५० हर्ट्झची. हॉलच्या ॲम्प्लिफायरमधून तिची 'हूंऽऽ' टेपवर उतरते. फाइल ऑडॅसिटीत उघडून पाहिली, तर ती ५२च्या आसपास! विजेची फ्रिक्वेन्सी थोडी खालीवर होते हे धरलं तरी टेप साधारण चार टक्के जोरात आहे, आणि सूर अर्ध्या पट्टीहून जास्त चढलेला. (ही हूं मूळ रेकॉर्डिंगमधलीच हवी, नंतर कॉपी करताना शिरलेली नको. नाहीतर हिशेब चुकतो.) वेग उतरवून काकांना ऐकवलं. म्हणाले, "मजा गेली." चालायचंच :)

खरखर काढणाऱ्या फिल्टरच्या नादी मात्र फार लागू नका. खरखरीबरोबर 'स' आणि 'श' जातात, ऑर्गनचा श्वास जातो, आणि गायक पाण्याखालून गातोय असं वाटायला लागतं. मी मूळ फाइल तशीच ठेवलीय.

एक गोष्ट मात्र या टेपवरून कळत नाही. तो आवाज हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचायचा, त्याचं वजन काय होतं. त्याबद्दल ठाम बोलणाऱ्या माझ्या वयाच्या माणसावर माझा विश्वास नाही. शिवाजी मंदिरला किंवा साहित्य संघात तेव्हा मागच्या खुर्चीवर बसलेले लोक अजून आहेत. बहुतेक सत्तरीच्या पुढे. दादर-गिरगावात ओळखीचं कुणी असेल तर या शनिवारी गाठा. पण आधी विचारा, कितव्या रांगेत बसला होता?