चोरीस भरायला यंत्र हवे की नरसाळे?

गोव्यात उन्हाळा तापला की पुरुमेंताची, म्हणजेच पावसाळ्याच्या बेगमीची, घाई सुरू होते. सुकी मासळी, मिरच्या, सोलां यांच्या जोडीला ख्रिस्ती घरांतून चोरिसाच्या माळाही उन्हात टांगण्याची जुनी पद्धत आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या तांबड्या माळा हमखास दिसतात. पण नोकरीधंद्यासाठी गोवा सोडून पुण्या-मुंबईकडे स्थिरावलेल्या कुटुंबांना माहेरची चव हवी असते आणि ती हवी असते दीड-दोन किलोपुरतीच. मग प्रश्न पडतो तो आतड्यात मसाला-मांस भरण्याचा.

पुण्यातल्या अशाच एका घरातल्या सुनेने मोठ्या हौसेने सॉसेज भरण्याचे यंत्र आणले. स्टेनलेस स्टीलचे, उभे, हँडल फिरवायचे, चांगले पाच किलो मांस मावेल असे. दोन दिवस मसाल्यात मुरलेले दीड किलो मांस तिने त्यात घातले. हँडल चार वेढे फिरले आणि अडले. जोर लावला तर आतडे फुटले. खटपट करून काम संपवले, तेव्हा दट्ट्याच्या खाली आणि नळीत बरेच मांस तसेच अडकून राहिले होते. सासूबाई सारे पाहत होत्या. शेवटी त्यांनी ट्रंकेतून रुंद तोंडाचे जुने नरसाळे काढले आणि म्हणाल्या, "बाये, यंत्र वाईट नाही गं. ते खिम्याचं आहे. आपलं मांस तुकड्यांचं!"

नेमकी गोष्ट हीच आहे. युरोपी पद्धतीच्या बहुतेक सॉसेजमध्ये बारीक खिमा असतो आणि बाजारातली यंत्रे त्याच हिशेबाने बनलेली असतात. गोव्याच्या चोरिसात मात्र डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे असतात. मीठ लावून, पाणी काढून, मग व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मिरची-लसूण-आल्याच्या मसाल्यात मुरवलेले. असे तुकडे बारीक नळीतून जातीलच कसे? म्हणून दुकानात शिरण्याआधी आपण खिमा भरणार की तुकडे, हे ठरवावे.

तुकड्यांसाठी, आणि तेही एक-दोन किलोच करायचे असेल, तर नरसाळ्यासारखे साधन नाही. त्याच्या नळीचे तोंड निदान दोन सेंटिमीटर रुंद असावे, कडा धारदार नसावी. खारवलेले आतडे आधी धुऊन कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजत ठेवावे, आतूनही पाणी सोडून पाहावे. कुठे भोक असेल तर तेव्हाच कळते. मग ते नळीवर मोज्यासारखे चढवायचे आणि अंगठ्याने किंवा लाकडी दांड्याने मांस ढकलायचे. हवेचा फुगा दिसला तर सुईने टोचावा. फार ठासून भरू नये, कारण पुढे दोऱ्याने मणी बांधायचे असतात. वेळ लागतो, हात लालभडक होतात. पण वाया काही जात नाही.

खिम्याचे सॉसेज करायचे असतील तर मात्र यंत्र घ्यावे. ते आपल्या घाण्याच्या मापाचेच घ्यावे. दोन किलो करणाऱ्याने दोन-तीन किलोच्या पुढे जाऊ नये. दट्ट्या तळाला टेकला तरी वळणात आणि नळीत थोडे मांस उरतेच, आणि यंत्र जितके मोठे तितका हा तोटा जास्त. शेवटी ओल्या पावाचा गोळा वरून घातला तर उरलेले बरेचसे मांस पुढे ढकलले जाते. दाते धातूचे आहेत का, दट्ट्यात हवा निघून जायची झडप आहे का, रबरी कडे वेगळे विकत मिळते का आणि सगळे भाग सुटे करून घासता येतात का, एवढे दुकानदाराला विचारावे. चकचकाटाला भुलू नये!

खिमा यंत्रालाच लावायची नळी स्वस्त पडते, असे अनेकींना वाटते. पण त्यातला स्क्रू खिमा पुन्हा मळतो, चरबी गरम होऊन माखते आणि सॉसेज शिजल्यावर भुसभुशीत लागते. ती वापरायचीच असेल तर पाते काढून ठेवावे आणि खिमा बर्फासारखा गार असावा. एकीने भरायचे, दुसरीने आतडे धरायचे. एकटीचे ते काम नव्हे.

एका बाबतीत मात्र हौस आवरावी. आतड्यात ठासलेल्या मांसाला आत हवा लागत नाही आणि काही जिवाणूंना तेच मानवते. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गचे डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी १८२० ते १८२२ या काळात सॉसेजमधून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे सविस्तर वर्णन केले. बोट्युलिझम हे नावही सॉसेजच्या लॅटिन नावावरूनच आले. म्हणून खिम्याचे ताजे सॉसेज फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत संपवावे किंवा फ्रीझरमध्ये टाकावे. ते वाळवण्या-धुरवण्याचे प्रयोग अंदाजाने करू नयेत. त्याला नायट्राइटयुक्त मीठ ग्रॅममध्ये मोजून लागते. चोरिसाला भरपूर मीठ, व्हिनेगर आणि कडक ऊन यांचा आधार असतो. पण फ्लॅटच्या दमट बाल्कनीत तो मिळत नाही. तिथे माळा फ्रीझरमध्येच बऱ्या. आणि चोरीस नेहमी पुरता शिजवूनच खावा.

पुण्याच्या त्या घरातले पाच किलोचे यंत्र आता माळ्यावर असते. डिसेंबरात नाताळच्या आधी ते खाली उतरते. शेजारच्या तीन घरांचा चिकनचा खिमा एकत्र होतो, हँडल मुले फिरवतात. चोरिसाच्या दिवशी मात्र सासूबाई नरसाळेच मागतात, आणि हल्ली ते धुऊन ठेवायचे काम सुनेचे असते.