पिवळ्या गुळाचा सौदा

रंगरेज बांधवांना हायड्रॉस काय चीज आहे हे सांगायला नको. व्हॅट रंगाच्या हौदात तो पडतो आणि कापडावर चढलेला रंग उतरवायचा असला तरी तोच लागतो. डबा उघडला की वास थेट नाकात चढतो. माझी उमर कापडात गेली. हीच पांढरी भुकटी गुऱ्हाळात उकळत्या रसातही टाकतात हे प्रथम ऐकले तेव्हा विश्वास बसेना. पण गोष्ट खरी आहे. काळपट रस तिने पिवळा होतो आणि बाजारात पिवळ्या ढेपेलाच भाव मिळतो. गंमत म्हणजे हा रंग टिकतही नाही. काही आठवड्यांत ढेप पुन्हा काळवंडते, तोवर ती गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेली असते.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भेंडीच्या चिकट पाण्याने मळी काढून चांगला गूळ करणारे तेथे आहेत. पण त्यांचा तांबूस गूळ दुकानात ठेवला तर आमच्या भोंगवलीतले गिऱ्हाईकही आधी पिवळ्याकडेच बोट दाखवते. तेव्हा सगळा दोष गुऱ्हाळवाल्याच्या माथी मारणे बरोबर नाही.

हायड्रॉस असो, सरबतात घालतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट असो की बेदाण्याला दिलेली गंधकाची धुरी, मालात मागे राहतो तो सल्फर डायऑक्साइडच. हे काही जहर नव्हे. त्याने बुरशी धरत नाही, फळ काळे पडत नाही, लिंबाचे स्क्वॅश महिनोन्‌महिने टिकते. माल टिकवण्यासाठी प्रमाणात वापरला तर माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती निव्वळ रूप खुलवण्यासाठी आणि मोजमापाशिवाय वापरण्याला. गुळासाठी मर्यादा किलोमागे ७० मिलिग्रॅमची आहे. पण चिमटीने भुकटी टाकणारा मिलिग्रॅम कुठून मोजणार?

आता थोडा हिशेब करू. जागतिक तज्ज्ञ समितीने माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.७ मिलिग्रॅम ही हद्द ठरवली आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२ आणि २० किलोच्या मुलाला १४ मिलिग्रॅम. जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत बेदाण्याला किलोमागे ७५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा होती. त्या मापाचे ५० ग्रॅम बेदाणे खाल्ले तर सदतीस मिलिग्रॅम पोटात जातात. मुलाची हद्द तर वीस ग्रॅमच्या आतच संपते. ईदच्या दिवशी चार घरचा शिरखुर्मा खाणाऱ्या पोराची मूठ कोण मोजतो?

बहुतेकांना यातून काही होत नाही. पण दमेकऱ्यांपैकी काहींना थोड्या सल्फाइटनेही धाप लागते. अमेरिकेत असे मृत्यू झाले, तेव्हा १९८६ मध्ये कच्च्या खायच्या फळभाज्यांवर सल्फाइट मारायला तेथील सरकारने बंदी घातली. आपल्याकडे २०२० च्या लेबल नियमांनुसार किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर पाकिटावर तसे छापावे लागते. पण आपला धंदा सुट्या मालाचा. गोणीतून काढून कागदात बांधलेल्या बेदाण्याला लेबल कुठले? म्हणजे ज्या दमेकऱ्याला माहिती हवी, त्याला ती देणारा दुकानदाराशिवाय दुसरा कोणी नाही.

मदिनेच्या बाजारात हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतला माल ओला निघाला, हा किस्सा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पावसाने भिजला, असे दुकानदार म्हणाला. मग ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्याला विचारले गेले. भिजलेला माल विकू नको, असे त्याला सांगितले नव्हते.

तेव्हा पिवळे बेदाणे विकू नका असे मी म्हणत नाही. शेजारी धुरी न दिलेले तपकिरी बेदाणेही ठेवा आणि दोन्ही डब्यांवर चिठ्ठी लावा. जर्दाळूचेही तेच, केशरी दिसतो तो धुरीचा आणि काळपट असतो तो साधा. चिठ्ठी वाचून काही गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात जातील, हे मी नाकारत नाही. कापडात कच्चा रंग असेल तर मी तसे सांगून विकतो, तेव्हा माझीही जातात. रमजानचा माल भरताना घाऊकवाल्याला एवढेच विचारा की धुरी दिली आहे का, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला तो तयार नसेल तर त्या मालाला ‘साधा’ अशी चिठ्ठी लावू नका.