सेंद्रिय मक्याला गिऱ्हाईक कोण?

2018 मध्ये भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडलेली, मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी देशभर पसरली. तेव्हापासून आमच्या सिल्लोडकडे सेंद्रिय मका म्हटलं की लोक हसतात. निंबोळी अर्काने पोंग्यातली अळी आटोक्यात येते, पण ती लहान असेपर्यंतच. कामगंध सापळे लावून शेतात सतत फिरावं लागतं. शेणखताच्या ट्रॉलीचा भाव तर विचारूच नका. एवढं करून मोंढ्यात माझा मका सगळ्यांच्याच ढिगात. कोंबडीखाद्यवाले, इथेनॉलवाले ओलावा बघतात, खत कोणतं घातलं ते नाही. प्रमाणपत्राआधीची रूपांतराची वर्षंही साध्याच भावात काढायची. पीठ आणि कोवळी कणसं घेणारं शहर हेच खरं गिऱ्हाईक. सरकारने अनुदानाआधी बाजार समितीत सेंद्रिय धान्याचा वेगळा लिलाव सुरू करावा.